कानातला मॉनिटर

तात्याराव बेसूर गातात, ही गोष्ट अख्ख्या वालूरमध्ये एकट्या तात्यारावांनाच माहीत नव्हती. आणि ती सांगायला जो सगळ्यात जवळचा होता, त्याचीच जीभ बांधलेली होती. नागेश त्यांच्या गायन पार्टीत कीबोर्ड वाजवायचा आणि त्यांचा जावईही होता. सासरवाडीच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणायची ज्याची छाती नाही, तो सासऱ्याच्या गळ्यात सूर कमी आहे असं काय कपाळ सांगणार?

त्यानं आपल्यापुरता मार्ग काढला होता. तात्यारावांनी सूर सोडला की हा कीबोर्डचं पट्टी बदलायचं बटण दाबत त्यांच्या मागोमाग निघायचा. एका गाण्यात चार-चार पट्ट्या व्हायच्या. बाहेरगावचे लोक म्हणायचे, तात्याराव मास्तरांच्या चाली लय अवघड असतात.

पण गेल्या वर्षी पाथरीच्या जयंतीला बटणही पुरं पडलं नाही. तिथले आयोजक दत्तराव यांनी साफ सांगून टाकलं, "एवढं एक साल बघतो. मग दुसरी पार्टी सांगतो." आता तात्यारावांनी लेकीला शब्द दिला होता, की पाथरीचा कार्यक्रम हातात राहिला तर पुढल्या साली तिला एक अख्खं गाणं मिळेल. ही लेक म्हणजे नागेशची बायको संघप्रिया; तिचा आवाज स्वच्छ, सुरेल. दहा वर्षं ती बापाच्या मागं उभी राहून कोरस देत होती. तिच्यापेक्षा नागेशलाच त्या गाण्याची जास्त आस होती. त्या आवाजावरच तर तो भाळला होता.

"मला स्टेजवर माझाच आवाज ऐकू यीना, म्हणून जरा इकडंतिकडं झालं," हा तात्यारावांचा खुलासा. नागेशनं तो शब्दशः खरा धरला आणि इंटरनेटवरून मोठे गवई कानात घालतात तसलं यंत्र मागवलं. त्यासोबत तांदळाएवढ्या फिल्टरच्या दोन जोड्या आल्या, एक सोनेरी आणि एक चंदेरी. कानातल्या बोंडाच्या तोंडाशी त्या फिरवून बसवायच्या. सोनेरी लावली की आवाज भरदार, घुमणारा व्हायचा आणि बारीकसारीक चुका गोधडीखाली जायच्या. चंदेरी लावली की श्वाससुद्धा मोजून घ्यावा इतकं लख्ख. नागेशनं चंदेरी लावून सासऱ्यांचं एक रेकॉर्डिंग ऐकलं आणि आठव्या सेकंदाला कानातून काढून ठेवलं.

"हे काय म्हणायचं?" तात्यारावांनी विचारलं.

"मामा, याला मॉनिटर म्हणतेत. कानातला मॉनिटर."

तात्याराव एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांचा चेहरा उजळला. "मॉनिटर! म्हंजी कोण दंगा करायलाय त्याचं नाव सांगणार?"

"तसंच समजा," नागेश म्हणाला. सासऱ्यांपुढं तो एरवीही तसंच समजा म्हणायचा. पण या वेळी ते महागात पडणार होतं.

सोनेरी फिल्टर लावून तात्यारावांनी एक कडवं म्हटलं आणि डोळे मिटून घेतले. "अरारारा, हा मी हाय? नागेशराव, इतकी वर्षं लोकांनी एकट्यांनीच ऐकलं की हो!" त्या दिवशी त्यांनी जेवणही कानात यंत्र घालूनच केलं.

जयंतीच्या दिवशी पार्टी जीपनं पाथरीला पोचली. सायंकाळी सहाला मंडप भरला. स्टेजमागं नागेशनं डबी उघडली, तर सोनेरी जोडी गायब. त्यानं वालूरला सासूबाईंना फोन लावला.

"मामी, डबीतलं ते सोनेरी..."

"कपाटात हाय, कुलूप लावून," गीताबाई म्हणाल्या. "सोनं काय चारचौघांत नेत्यात व्हय?"

"मामी, ते सोनं न्हाई ओ!"

"मंग इतकं जपून डबीत कशाला ठिवता?"

नागेशनं फोन ठेवला. तोवर तात्यारावांनी माइकवरून जाहीर केलं होतं, की आज आमच्या कानात मॉनिटर बसवलाय, आता पार्टीत कुणाची गय होणार नाही. नागेशनं चंदेरी जोडी बसवली.

पहिलं गाणं सुरू झालं. दुसऱ्या ओळीला तात्याराव दचकले. चौथ्या ओळीला त्यांनी हात वर करून गाणं थांबवलं.

"कोण बेसूर गायलाय?" ते माइकवरच म्हणाले. "मॉनिटर साफ सांगायलाय. हरिओम, तू हायस का?"

हरिओम कोरसमध्ये होता. "मी तर तोंड बी उघडलं न्हाई, सर."

"मॉनिटर खोटं बोलंल का? खाली बस."

हरिओम खाली जाऊन पहिल्या रांगेत बसला. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्या पडल्या. गाणं पुन्हा सुरू झालं आणि चौथ्या ओळीला पुन्हा थांबलं.

"भुजंग, ढोलकी बंद कर."

"ढोलकी बेसूर गाती व्हय सर?" भुजंगनं विचारलं.

"उलट उत्तर न्हाई!"

भुजंगही खाली गेला. नागेशनं मिक्सरवाल्याला बोट खाली करून खूण केली, म्हणजे सासऱ्यांच्या कानातला आवाज कमी कर. मिक्सरवाल्यानं वाकून स्टेजखालच्या वायरी तपासल्या आणि सगळं ठीक आहे म्हणून अंगठा दाखवला. गाणं तिसऱ्यांदा थांबलं. तात्यारावांनी हळूच नागेशकडं पाहिलं. जावयाला खाली बस कसं म्हणणार?

"नागेशराव," ते अदबीनं म्हणाले, "तुमी जरा चहा घिऊन या."

"मला चहा नको, मामा."

"घ्या हो. आग्रह हाय आमचा."

नागेश उतरला. स्टेजवर बाप आणि लेक दोघंच उरले. तात्यारावांनी चौथी सुरुवात केली, तीही फसली. त्यांनी मागं वळून पाहिलं. मंडपात हसू पिकलं होतं आणि दत्तराव खुर्चीत कपाळाला हात लावून बसले होते. कार्यक्रम गेला, संघप्रियाचं गाणंही गेलं, असं नागेशनं मनाशी धरून टाकलं.

"संघे," तात्यारावांचा आवाज उतरला होता, "तू एकटी म्हण बरं. मी गप ऱ्हातो."

"आबा, मी? एकटी?"

"मॉनिटरला बघू दे."

संघप्रिया पुढं आली आणि गायला लागली. ना ढोलकी, ना कीबोर्ड. पहिल्या कडव्यालाच मंडपातलं हसू विरलं. तात्याराव तसेच उभे होते. दहा वर्षं पाठीमागं उभी असलेली लेक त्यांना आज पहिल्यांदा ऐकू येत होती. दुसऱ्या कडव्याला सवयीनं त्यांनी तिच्या आवाजात आवाज मिसळला आणि अर्ध्या ओळीत आपणहून तोंड मिटलं. कानातलं बोंड काढून त्यांनी हातावर घेतलं, न्याहाळलं आणि पुन्हा कानात घातलं. मग गाणं संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. नागेशला फार वाईट वाटलं. म्हाताऱ्याला हे असं, भर मंडपात कळावं, हे त्याला मुळीच नको होतं.

टाळ्या थांबेनात. तात्यारावांनी माइक हातात घेतला.

"मंडळी, दोष सापडला. एकतीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलं, आज खोटं बोलणार न्हाई."

लोक पुढं सरकून ऐकायला लागले.

"आमच्या पार्टीत सूर सोडणारा माणूस म्हंजी आमचे जावई, नागेशराव. माणूस लय गुणी हाय, म्हणून आजवर मी संभाळून घेतलं. सूर सोडून पळायला लागले की मी आपला त्यांच्या मागं पळायचो. आज ते मोठ्या मनानं खाली उतरले. त्यांचीच इच्छा हाय, का इथून पुढं माझ्या लेकीनं गावं."

लोकांनी वळून नागेशकडं पाहिलं आणि त्याच्या मोठ्या मनासाठी कडकडून टाळ्या वाजवल्या. चहाचा कप हातात धरून नागेशनं चारी दिशांना नमस्कार केला. संघप्रियाला इतकं हसू आलं की पुढचं गाणं तिला दोनदा सुरू करावं लागलं. मग भुजंगला परत बोलावलं आणि तिनं एकापाठोपाठ एक सहा गाणी म्हटली.

कार्यक्रम संपल्यावर दत्तराव स्टेजमागं आले. "सर, पुढल्या सालचं नक्की. ताईच गातील. फकस्त एक अर्ज हाय." नागेश शेजारीच उभा असल्याचं पाहून त्यांनी आवाज लहान केला, पण पुरेसा नाही. "जावयांना तेवढं आणू नका."

तात्यारावांनी जावयाकडं पाहिलं. लग्न ठरवतानासुद्धा ते इतक्या अजिजीनं पाहत नव्हते.

"बराबर हाय, साहेब," तो म्हणाला. "मी आपला सामान उचलायला येत जाईन."

दत्तरावांनी थोडा विचार केला.

"सामानाला चालंल," ते म्हणाले. "पर उचलताना गुणगुणू नका."