सासऱ्यांच्या खड्ड्यातले मासे

सासऱ्यांना चारचौघांत शहाणं करून सोडायचं, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात बायको हातची जाईल असं वाटलं नव्हतं.

आमच्या आफ्रिकेतल्या गाझा प्रांतात पाऊस झाला की माळावरच्या डबक्यांत मासे दिसतात आणि डबकी आटली की मरतात. एकदा आमच्याकडे जेवताना माझे सासरे (नाव गोव्हेने) पाहुण्यांना सांगत होते, हे मासे ढगातून पडतात. मी माशांच्या अभ्यासकांकडे नोकरीला (हुद्दा सहायक, काम चिखल उपसणं). मला राहवलं नाही.

"बाबा, अंडी सुक्या चिखलात पडून असतात. हे अडाण्यालाही कळतं."

सासरे जेवणावरून उठले आणि माझ्या बायकोला, त्साकानीला, सोबत घेऊन गेले. "सिद्ध करून दाखव, मग ने," म्हणाले.

सप्टेंबरात घमेलंभर सुका चिखल घेऊन त्यांच्या अंगणात हजर झालो. गावची चार मोठी माणसं जमली. मी ऐटीत पाणी ओतलं. दोन दिवस झाले तरी नुसता चिखल. (काही अंडी पहिल्या पाण्याला फुटतच नाहीत, पुढच्या पावसासाठी थांबतात. हे साहेबांनी मला नंतर सांगितलं.)

"जावईबापू, आता यानं घर सारवून घ्या," सासरे म्हणाले. मी चिडून घमेलं वासरांच्या पाण्याच्या कोरड्या खड्ड्यात पालथं केलं आणि निघून आलो.

डिसेंबरात पाऊस झाला. जानेवारीत त्या खड्ड्यात लाल शेपटीचे मासे फिरू लागले. मी धावत गेलो.

"बघा, माझा चिखल."

"पाऊस आम्ही सगळ्यांनी पाहिला," सासरे म्हणाले. "तुझी अंडी कुणी पाहिली? ढगातून पडले म्हण आणि बायको ने."

खड्ड्याभोवती जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. या बिनडोक लोकांपुढे मी, शास्त्राचा माणूस, वाकणार? तत्त्व म्हणजे तत्त्व. घरी येऊन स्वतः शिजवलेली करपलेली लापशी तीन महिने खाल्ली.

एप्रिलमध्ये खड्डा आटला. मी खाली मान घालून गेलो. "ढगातूनच पडले, बाबा."

परतताना त्साकानी म्हणाली, "मासे तुमचेच. घमेलं ओतताना मी पाहिलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बाबांना अडाणी म्हणालात, त्याबद्दल 'चुकलो' म्हणाल म्हणून वाट पाहत होते. तेवढ्यात ते मासे जन्मले, त्यांची लग्नं झाली, अंडी घालून मेलेसुद्धा. तुमचं तोंड आज उघडलं. तेही खोटं बोलायला."