कुसुमताईंच्या भैरवीची फाईल

शोकसभा सुरू व्हायच्या बेतात असताना स्पृहाने हातातला कागद शौनकच्या नाकासमोर धरला.

"वर 'भैरवी' लिहिलंयस. भैरवीत रे, ग, ध, नी कोमल; खाली एकही कोमल स्वर नाही, मध्यमही तीव्र. हा यमन आहे, शौनक."

कुसुमताई म्हणजे स्पृहाची आई आणि शौनकच्या गाण्यातल्या गुरू. शेवटच्या आजारपणात, दवाखान्यातच, त्यांनी एक भैरवी रचली होती. शौनकने रेकॉर्डर काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "बरणीत भरून ठेवायला मी लोणचं आहे का? लिहून घे. आणि पटपट. मला घाई आहे."

शौनक फिजिक्स शिकून हडपसरच्या आयटी कंपनीत लागलेला. त्याने लॅपटॉपवर साधा टेक्स्ट एडिटर उघडला. शुद्ध स्वराला कॅपिटल अक्षर, कोमलला स्मॉल. मध्यमाचं तेवढं उलटं: शुद्ध असला तर स्मॉल, तीव्र असला तर कॅपिटल. पुढे त्याचा छोटा प्रोग्राम याचं रीतसर देवनागरी नोटेशन करून देई. ताई श्वास घ्यायला थांबत, तोवर याची ओळ पुरी झालेली असे.

काल छापण्याआधी त्याला दिसलं, की घाईत काही षड्ज-पंचम, जे कधी कोमल नसतातच, स्मॉल पडलेत. तेवढेच कॅपिटल करायला त्याने एक कमांड दिली आणि फाईल सेव्ह केली. कमांडने कुणालाच वगळलं नाही. अख्खी फाईल कॅपिटल झाली.

"मग परत स्मॉल कर ना!"

"तर सगळेच कोमल होतील. ताईंनी मधूनमधून शुद्ध रिषभ लावला होता, शुद्ध धैवतही. कुठे, ते गेलं."

"बॅकअप?"

"रात्री आपोआप झाला. नव्या फाईलचा."

"अरे, पण तू ऐकलंयस ना! आठव."

शौनक खाली बघू लागला. "मी ऐकत नव्हतो गं. टाइप करत होतो."

स्पृहा मटकन खुर्चीत बसली. "म्हणजे आई दोनदा गेली."

पेटीवाले तात्याराव आत डोकावले. "चर्चासत्र आटोपलं असेल तर राग सांगा. शोकसभेला उशीर झाला की लोकांना दुःखाऐवजी भूक लागते."

"यमन," स्पृहा म्हणाली.

कागदावर होतं तसं ती गायली. आवाज दोनदा भरून आला. नंतर एक निवृत्त प्राचार्य उठले. "सगळे निरोपाला भैरवी गातात. कुसुमताईंनी जाताना शिकवणीतला पहिला राग, यमन आरंभला! केवढी ही दृष्टी!" सभागृहात हुंदके उमटले.

शौनक उठू लागला. स्पृहाने त्याची बाही ओढली. "बस खाली."

"अगं, पण हे खोटं आहे!"

"आयुष्यभर आई या गावात गायली. 'ठीक' याच्या पुढे कोणी गेलं नाही. आज रडताहेत. रडू दे."

सभा संपल्यावर लोकांनी प्रती मागितल्या. शौनक दाराशी उभा राहून प्रत्येक कागदावरची 'भैरवी' पेनने खोडत होता आणि वर 'यमन' लिहीत होता. एका वयस्क बाईंनी त्याचा हात धरला. "तुम्हीच टिपून घेतलंत ना? भाग्यवान आहात हो. खुद्द त्यांच्या तोंडून ऐकलंत."

शौनकने त्यांच्या प्रतीवरची 'भैरवी' खोडली.

"हो," तो म्हणाला.