परसातली बशी

मला नाही म्हणता येत नाही. नाताळच्या आदल्या दिवशी फोनवर मी एकदा जरी नाही म्हणालो असतो, तर आमच्या परसात आज एक कोल्हा असता. पण मी म्हणालो, "हो हो, का नाही!"

फोन मिसेस पेलमचा होता. या बाई आमच्या नेदर कॉम्ब गावच्या शिकार-मंडळाच्या मुख्य. नाताळच्या दुसऱ्या दिवशी चौकात घोडे, लाल कोट आणि चाळीस कुत्री जमतात, शेरीचे पेले फिरतात आणि मग सगळी वरात रानात धावत सुटते. खऱ्या कोल्ह्यामागे कुत्री सोडायला कायद्याने बंदी आल्यापासून कोल्ह्याच्या मुतात भिजवलेला चिंधा कोणीतरी आधी रानातून ओढत नेतो आणि कुत्री त्या वासामागे पळतात. चिंधा ओढणारा बार्नी यंदा तापाने आडवा झाला होता.

"लायोनेल, विशेष काही नाही हो," बाई म्हणाल्या. "रानापासून जुन्या गिरणीपर्यंत चालत जायचं. एकच लक्षात ठेवा, चिंधा जमिनीवरून उचलायचा नाही."

(मी गावच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली आहे. सूचना आली की ती पाळायची, तिचा अर्थ लावत बसायचं नाही. याच गुणावर मला बढती मिळाली नाही.)

हो म्हणण्यामागे माझा एक डावही होता. आमची रोवेना तीन वर्षांनी नाताळला घरी आली होती. तीन वर्षांपूर्वी याच जेवणाच्या टेबलावर तिने आजोबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तोंडावर "खुनी" म्हटलं होतं. अँब्रोजबुवा मंडळाचे जुने शिकारी. तीस वर्षं कुत्री त्यांच्या शिंगाच्या आवाजावर नाचली. ते तांब्याचं शिंग अजून आमच्या शेकोटीवर टांगलेलं आहे. त्या दिवसापासून आजोबा-नातीचं बोलणं बंद. बुवा आता ब्याऐंशीचे. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात, गुडघ्याला तेल चोळतात आणि नातीचं नाव निघालं की खिडकीबाहेर बघतात. या दोघांची दिलजमाई व्हायला आता फार नाताळ उरलेले नाहीत, हे मला दिसत होतं. मी मनाशी हिशोब केला, की चिंधा मी ओढला तर रोवेनाची खात्री पटेल की यात कोणी मरत नाही, आणि बुवांना वाटेल की जावई अखेर माणसात आला.

नाताळच्या जेवणाला मी ही बातमी जाहीर केली.

"म्हणजे तूसुद्धा त्यांच्यातला झालास, डॅड?" रोवेना म्हणाली. "उद्या चौकात मी फलक घेऊन उभी असणार आहे, माहीत आहे ना?"

"चिंधा ओढणार!" बुवा बशीतल्या बटाट्याकडे बघत म्हणाले. "डॉरीन, तुझ्या नवऱ्याला सांग, याला शिकार म्हणत नाहीत. याला फरशी पुसणं म्हणतात."

"बाबा, तुम्ही येणार ना उद्या चौकात?" माझ्या बायकोने विचारलं.

"गुडघा दुखतोय."

"उरलेली टर्की कुठे गेली?" डॉरीनने एकदम विषय बदलला. "आत्ता इथे पायाचा तुकडा होता. लायोनेल!"

"मी नाही घेतला."

"रोज तुकडे जातात, बश्या नाहीशा होतात, आणि हा म्हणे मी नाही." तिने माझ्या पोटाकडे पाहिलं. पोट पुरावा म्हणून पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागलो. डॉरीन चौकात मंडळींना गरम वाइन द्यायला गेली होती. जाताना बजावून गेली होती, की साडेदहाला ओव्हन लाव आणि तापला की हॅम आत ठेव. थंडीने बोटं बधिर झाली होती, म्हणून दोर मी कमरेला बांधला आणि चिंधा मागे फरफटत चाललो. रान संपलं आणि चर्चच्या घड्याळात साडेदहाचे टोले पडले. हॅम! गिरणी सरळ पुढे होती आणि घर डाव्या हाताला. मी डावीकडे वळलो.

(चिंधा जमिनीवरून उचलायचा नव्हता.)

परसाच्या फाटकातून आत आलो, शेडला वळसा घातला, स्वयंपाकघरात शिरलो. ओव्हन लावला. हॅम टेबलावर काढून ठेवला. ओव्हन तापेना आणि गिरणी तर राहिली होती. पाच मिनिटांनी परत येऊ असं म्हणून दार उघडंच टाकून निघालो आणि चिंधा गिरणीपर्यंत चोख पोचवला. कुत्र्यांचा गलका आला तेव्हा मी छाती काढून उभा होतो. पण गलका रानाकडून यायचा तो आमच्या घराकडून येत होता.

मी धावलो. (माझ्या धावण्याबद्दल न बोललेलं बरं.)

चाळीसपैकी पंचवीस कुत्री स्वयंपाकघरात हॅमचा निकाल लावत होती. उरलेली पंधरा शेडखाली उकरत होती, कारण शेडखाली माझ्या चिंध्याहून फार ताजा वास होता. आणि शेडला पाठ लावून, सपाता घालून, उघड्या डोक्याने अँब्रोजबुवा उभे होते. तोंडाला शिंग होतं. पहिल्यांदा नुसती फुंकर निघाली. दुसऱ्यांदा लांबलचक, रडवेला सूर निघाला. शिकार संपली, घरी चला, असं सांगणारा तो सूर. कुत्र्यांनी माना वर केल्या आणि ती थांबली.

नेमका तेव्हाच मी फाटकातून आत आलो. चिंधा अजून माझ्या कमरेला होता.

पंधरा कुत्री एकदम माझ्यावर आली. मी चिखलात उताणा पडलो, आणि खालून मला शेडमागून एक तांबडी शेपटी कुंपणावरून पलीकडे जाताना दिसली.

कुंपणाशी रोवेना उभी होती. कुत्र्यांमागे ती पुराव्यासाठी चित्रण करत आली होती. तिने फोन खाली केला. शेडपाशी आमच्या घरातल्या तीन बश्या पडल्या होत्या, एकीत टर्कीचा पाय.

"आजोबा," ती म्हणाली, "हा रोज येतो?"

"चार वाजता. अंधारून आलं की."

"कधीपासून?"

"तुझी आजी गेल्यापासून." बुवांनी शिंग कोटाला पुसलं. "संध्याकाळ फार लांबते गं. शिकारीच्या दिवशी हा शेडखाली दडून बसतो, म्हणून मी घरी थांबतो. मंडळात सांगू नकोस. हसतील."

तीन वर्षांनंतर ती त्यांच्या गळ्यात पडली आणि रडली. मीही रडलो, पण माझ्या तोंडावर कुत्रा बसला होता, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुपारी जेवायला रोवेनाने स्वतःसाठी भाजलेली अक्रोडाची वडी होती, कारण दुसरं काही शिल्लकच नव्हतं. "भुसा लागतोय," बुवा म्हणाले आणि पुन्हा बशी पुढे केली.

इथे गोष्ट संपली असती तर मी सुखी माणूस असतो. पण कोल्हा परत आला नाही. बुवा रोज चारला बशी ठेवत आणि खिडकीशी उभे राहत. सकाळी बशी तशीच, वर बर्फाची साय. रोज संध्याकाळी शहरातून रोवेनाचा फोन यायचा, "आला का?" आणि बुवा म्हणायचे, "नाही गं." तो "नाही" मला ऐकवत नसे. वासाची रेघ त्या बिचाऱ्याच्या दारापर्यंत मीच ओढली होती. माफी तरी कोणाची मागणार?

नवव्या दिवशी मी शेडमागे गेलो आणि बशी रिकामी केली. तुकडे कुंपणापलीकडे फेकणार होतो. पण हॅम चांगला होता, आणि नव्या वर्षापासून डॉरीनने मला उकडलेल्या भाज्यांवर ठेवलं आहे. सकाळी बुवा आत आले ते शीळ घालत.

तेव्हापासून महिनाभर मी रोज हे काम करतो आहे. जीव ओतून करतो. परवा बशीत हॅमला मोहरी लावलेली होती. काल शेजारी घडी घातलेला रुमाल होता. मला जरा शंका आली, पण खाल्लं.

आज जिन्याखाली बूट काढत होतो तेव्हा बुवांचा फोन चालू होता.

"येतो ना, रोवेना, रोज येतो," ते सांगत होते. "पोट सुटलंय त्याचं. पळायला तर कधीच येत नव्हतं. पण मनाने फार चांगला आहे गं, म्हणून उद्यापासून काटा-सुरीपण ठेवणार आहे."