धुरपा मुंगसिणीचे चार मोफत तास

एका जंगलात, बाळांनो, म्हणजे आपल्या गावासारखंच, फक्त तिथं शेपट्या उघड दिसतात अशा एका जंगलात, धुरपा नावाची मुंगसीण राहत होती. नीट बसा. नाकातलं बोट काढा. दुसऱ्यांदा सांगणार नाही.

धुरपा सिंहमहाराजांच्या गुहेवर कामाला होती. काम एकच. गुहेच्या आसपास साप फिरकू द्यायचा नाही. महाराज हत्तीला भीत नसत, वणव्याला भीत नसत. पण साप म्हटलं की त्यांची आयाळ ओल्या गवतासारखी लोळायची. हे फक्त धुरपाला ठाऊक होतं. ती कुणाला बोलली नव्हती. गरिबाच्या गाठीला एखादं गुपित असावं, वेळेला उपयोगी पडतं.

कामाची वेळ कडक. सूर्य झाडावर आला की गुहेपाशी हजर. उशीर झाला तर तिच्या जागेवर टपून बसलेली एक ऊदमांजरीण होतीच.

आणि घरी होती लेक, भिंगरी. डोळे उघडल्यापासून एका जागी म्हणून बसली नव्हती. बिळात एकटी ठेवावी, तर वर घार घिरट्या घालायची. बापाकडे ठेवावी, तर बापालाच कुणीतरी सांभाळायला हवं होतं. तो दिवसभर दगडावर पोट शेकत पडायचा. "बघतो की मी तिला," म्हणायचा. आणि खरंच बघायचा. ती पार ओढ्यापर्यंत जाताना बघायचा.

म्हणून भिंगरी जायची शेवंताबाई कोल्हिणीच्या पाळणाघरात. त्याची फी रोज एक अंडं. आणि गुहेवर धुरपाला मजुरी मिळायची, तीही रोज एक अंडं.

"मग राबतेस कशाला गं?" शेजारची खार विचारायची. "कमावतेस अंडं, देतेस अंडं, तुला उरतं टरफल."

"आज जागा सोडली तर उद्या ऊदमांजरीण बसेल तिथं," धुरपा म्हणायची. "लेक काय, मोठी होईल. गेलेली जागा मोठी होऊन परत येत नाही."

असं बोलून ती दोन किडे तोंडात टाकायची आणि पळायची.

एके दिवशी पोपटाने फांदीफांदीवर दवंडी दिली. "ऐका हो ऐका! आजपासून महाराज तुमची पिल्लं सांभाळणार! रोज चार तास! मोफत!"

जंगलात नुसता दंगा. सशिणींनी फुगड्या घातल्या. धुरपाने त्या दिवशीचं अंडं फोडून निम्मं स्वतः खाल्लं, निम्मं लेकीला चाटवलं. नवऱ्याला वास दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताठ मानेने, रिकाम्या हाताने पाळणाघराच्या दारात उभी राहिली.

"शेवंताबाई, ही घ्या भिंगरी. आजपासून मोफत ना?"

"मोफत म्हणजे काय, एकदम मोफत!" शेवंताबाई म्हणाली. तिच्या अंगावर तीन खारींची पोरं लटकलेली होती. "सांभाळणं मोफत. बसायचं पान तेवढं वेगळं."

"पान?"

"पोरगी काय हवेत बसणार? शिवाय पुसायचा पाला वेगळा. मधल्या वेळचं खाणं वेगळं. गाणं म्हटलं तर गाण्याचं वेगळं."

"गाणं नका म्हणू."

"न म्हणून चालत नाही ना ताई. एकाला म्हटलं की सगळ्यांच्या कानात जातं."

धुरपाच्या मानेवरचे केस उभे राहिले. तरी ती दम खाऊन म्हणाली, "बरं. चार तास धरा. मी दुपारी येते."

"दुपारी? अहो, मोफत तास दुपारीच तर सुरू होतात. सकाळी पोरं रडतात, चावतात, ते तास महाग. दुपारी ती निजतात, ते मोफत. आणि महाराज शिकारीच्या सुट्टीवर गेले की तेही बंद."

"म्हणजे एकूण किती?"

"दोन अंडी."

"काल एक होतं!"

"काल मोफत कुठं होतं?" शेवंताबाई म्हणाली. "जरा सांभाळून घ्या."

आता बाळांनो, 'सांभाळणं' आणि 'सांभाळून घेणं' यांत फरक असतो. पहिलं दुसऱ्याने आपल्यासाठी करायचं असतं. दुसरं आपण दुसऱ्यासाठी. आणि पहिलं कबूल करणारा दुसऱ्यावर कधी घसरतो, ते कळत नाही.

धुरपाला मात्र कळलं. तिने उडी मारून शेवंताबाईचं शेपूट धरलं. "लबाड कोल्हीण! राजा देतो आणि तू मधल्यामध्ये गिळतेस!"

शेवंताबाई ओरडली नाही. उलट म्हणाली, "नीट बघून धर. आहे का तिथं काही धरण्यासारखं?"

धुरपाने बघितलं. शेपूट कुठलं, नुसती दोरी. सगळे केस पोरांनी उपटून नेले होते.

"दर पिल्लामागे एक हाड देतो म्हणाले महाराज," शेवंताबाई म्हणाली. "येतं हाड. महाराजांनी चघळून, मग प्रधानाने चघळून, मग पोपटाने टोचून. त्या पांढऱ्या काडीवर मी काय खाऊ आणि पोरांना काय घालू? तास त्यांनी दिले, नाव त्यांचं झालं. आता दारात येऊन शिव्या कुणाला मिळतात? मला. घे, दे अजून एखादी."

धुरपाने शेपूट सोडलं. शिवी तोंडाशी आली होती, ती गिळली. मग म्हणाली, "शिव्या ठेव तुझ्याकडे जमा. आजचा दिवस भिंगरीला घे. पानावर बसव, गाणं म्हण, हवं ते कर. अंड्यांचं मी संध्याकाळी बघते. कुठून आणायची ते आत्ताच सुचलंय मला."

आणि ती पळत सुटली.

गुहेपाशी पोचेस्तोवर सूर्य झाडाच्या वर गेला होता. ऊदमांजरीण दारात बसून पंजे चाटत होती. महाराज गुरगुरले, "धुरपे! ही यायची वेळ?"

"चुकलं महाराज. आत्ता कामाला लागते."

ती झुडपात शिरली आणि एक लांबलचक साप तोंडात धरून बाहेर आली. ऊदमांजरीण किंचाळून अशी पळाली, की तिचा वास तेवढा मागे राहिला. धुरपा सापासकट सरळ गुहेत गेली. महाराजांच्या निजायच्या पाल्यावर तिने साप हळूच ठेवला, आणि बाजूला बसली.

महाराज एका उडीत खडकावर. चारही पाय जवळ घेतलेले, शेपूट पोटाखाली.

"अगं, हे काय! साप हटवायला ठेवलंय तुला!"

"हटवला की महाराज. बाहेर होता, तिथून हटवला. आता कुठं टाकायचा, ते वेगळं."

"वेगळं म्हणजे?"

"वेगळ्या अंड्याचं."

"ने त्याला आधी! आत्ताच्या आत्ता ने!"

"दुपारी नेते. दुपारी ऊन लागलं की साप सुस्त होतात, ते साप मजुरीत बसतात. सकाळचे साप वळवळतात, ते महाग."

साप पाल्यावर वेटोळं करून आरामात निजला. महाराजांचा आवाज एकदम मांजराएवढा झाला. "धुरपाबाई, असं काय करता?"

"महाराज," धुरपा हात जोडून म्हणाली, "जरा सांभाळून घ्या."

हे वाक्य महाराजांना ओळखीचं वाटलं. ते स्वतः रोज दहा जणांना ऐकवत असत. त्यांना स्वतःला कुणी ऐकवलं नव्हतं.

"तुझं दुखणं काय आहे ते सांग," ते म्हणाले.

धुरपाने सांगितलं. पान, पाला, गाणं, दुपार, चघळलेलं हाड, सगळं सांगितलं.

महाराज हसले. "एवढंच ना? एक पिल्लू सांभाळायचं, त्यात कसलं आलंय हाड? आण इकडं, मी स्वतः सांभाळतो. फुकट! त्या कोल्हिणीलाही बोलव. बघू दे तिला."

मग धुरपाने साप बाहेर नेला, आणि पाळणाघरातून भिंगरीला आणि शेवंताबाईला आत आणलं.

बाळांनो, तुम्ही कसे आहात ते तुमच्या आयांना विचारा, म्हणजे पुढचं सांगावं लागणार नाही. भिंगरीने आधी महाराजांच्या मिशा मोजल्या, ओढून ओढून. मग राजासनावर शू केली. मग महाराजांच्या कानात शिरून 'कुऽऽक' केलं. महाराजांनी डरकाळी फोडली, तर ती टाळ्या पिटून म्हणाली, "पुन्ना!"

डरकाळ्या फोडून फोडून महाराजांचा घसा बसला. ते म्हणाले, "दुपार झाली का गं?"

"अजून झाडाची सावलीसुद्धा हलली नाही महाराज," धुरपा म्हणाली.

"शेवंताबाई, काय लागेल ते घ्या! अख्खं हाड घ्या, मांसासकट घ्या! सकाळचे तास घ्या! पण हिला न्या!"

शेवंताबाईने आपलं दोरीसारखं शेपूट एकदा झटकलं. "नेते की महाराज. नेणं मोफत." मग ती थांबली. "परत न आणणं तेवढं वेगळं."

दुसऱ्या दिवसापासून पाळणाघरात न चघळलेली हाडं येऊ लागली. पोपटाने फांदीफांदीवर दवंडी दिली, "महाराजांना स्वतःहून दया आली हो!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धुरपानेही वाजवल्या. टाळ्यांना काय, अंडं पडत नाही.

राहता राहिला तो साप. ती साधी धामण होती. तिला विष नाही, की डूख धरायची अक्कल नाही. धुरपाने तिला मारली नाही. गुहेमागच्या वारुळात नेऊन सोडली. हाडं पुन्हा पातळ यायला लागली, की ती धामणीला महाराजांच्या अंगणात जरा ऊन खायला आणते. दुसऱ्या दिवशी हाड जाड होतं.

तात्पर्य : राजाच्या दारी कधी रिकाम्या हाताने जाऊ नये. पण विनंती घेऊनही जाऊ नये. साप घेऊन जावं, बिनविषारी चालतो.