नजर मेली, राव

सोनटक्के माणसाकडे सरळ बघत नाहीत. तुम्ही नमस्कार केलात की ते मान तिरकी करतात, एक डोळा बारीक करतात आणि तुमच्या कपाळावर उजेड कसा पडलाय ते तपासतात. त्यांची सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत, गाड्यांच्या रंगवलेल्या दारांवरचे ओरखडे शोधण्यात गेली. ओरखडा सरळ बघून सापडत नाही, तिरकंच बघावं लागतं. निवृत्तीनंतर दारं संपली, तेव्हा हा मावळचा गडी चिखलीतल्या आमच्या सोसायटीकडे वळला.

मी या सोसायटीचा सेक्रेटरी, आणि राहतो बरोबर त्यांच्या खालच्या फ्लॅटमध्ये. म्हणजे मार दोन्हीकडून.

मी नवी स्कूटर घेतली तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले. सोनटक्क्यांनी पेढा खिशात टाकला, स्कूटरभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या बाजूला बोट टेकवलं. "इथं हाय." तिथे केसाएवढी रेघ होती. "आता तुम्हाला गाडी दिसायची न्हाई, ही रेघच दिसंल," एवढा आशीर्वाद देऊन ते गेले. तो तंतोतंत खरा ठरला.

त्यांच्या कंपनीत म्हणे तपासणारे सुस्तावू नयेत म्हणून मधूनच एखादं खराब दार मुद्दाम लाईनवर सोडायचे. ही पद्धत त्यांनी आमच्यावर चालवली. गुढीपाडव्याला त्यांनी सोसायटीच्या नोटिशींच्या फळ्यावर कागद लावला : 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की ही नोटीस कोणीही वाचत नाही.' तो दसऱ्यापर्यंत तिथेच होता. शेवटी त्यांनीच तो काढून मला दाखवला. खाली सोसायटीचा शिक्का होता, आणि शिक्क्यावर मीच न वाचता केलेली सही.

"नजर मेली, राव तुमची," ते म्हणाले. भूक मरते, चव मरते, तशी त्यांच्या मते नजरही मरते. रोज तेच समोर आलं की डोळा बघतो आणि मेंदू म्हणतो, माहितीये, पुढे चल.

इथवर सगळं ठीक होतं. पण त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, वारल्यावर दर रविवारी सकाळी वरून ठोकाठोकी सुरू झाली. लोकांचा आठवड्यातला तेवढा एकच झोपेचा दिवस. ग्रुपवर तक्रारी आल्या, रागाने लालबुंद झालेले चेहरे आले, मग सभा झाली. जी सोसायटी पाण्याच्या टाकीवर वर्षभर एकमत करू शकली नाही, तिने पाच मिनिटांत ठराव केला : सोनटक्क्यांनी यापुढे भिंतीत खिळा ठोकायचा नाही. सांगायला अर्थात मी.

रविवारी वर गेलो. दार त्यांनीच उघडलं, हातात हातोडी. आतल्या भिंतींना देवी आल्यासारखी भोकं पडली होती. एवढ्या भिंतींवर वस्तू एकच, वहिनींचा फोटो. तोही आज स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, भलताच खाली.

"हे काय चालवलंय?" मी विचारलं.

"आधी टीव्हीच्या वर लावलेला. एकदा च्या झाला, बातम्या झाल्या, अन् ध्यानात आलं, आज ही दिसलीच न्हाई. समोर असून. तवापासनं जागा बदलतो."

"मग टेबलावर ठेवा की. खिळा कशाला?"

"ठेवला होता. उचलला, ठेवला, झालं. बघणं व्हत न्हाई. खिळा ठोकला की सरळ लागलाय का ते बघावं लागतं. तेवढा वेळ बघतो."

मी ठरावाचं कसं काढावं या विचारात होतो. ते भिंतीकडे तोंड करून बोलत राहिले.

"पहिल्या पाळीला निघताना रोज डबा हातात द्यायची, रिटायर झाल्यावर तर दिवसभर समोरच. दारावरचा ओरखडा मला हातभरावरनं कळायचा. ही वाळत चाललेली, ते न्हाई कळलं. दिवाळीला मेव्हणी आली. तिनं उंबऱ्यातनंच विचारलं, ताई, अशी काय झालीस गं? तवा मी बघितलं. दवाखान्यात नेली तर डॉक्टर म्हणाले, उशीर केलात."

मला त्या क्षणी आमच्या सभेची, ठरावाची आणि स्वतःच्या सेक्रेटरीपणाची लाज वाटली. म्हणालो, "दहानंतर ठोकत जा. लोकांना मी सांगतो."

त्यांनी मान हलवली. मग फोटो खिळ्यावर अडकवला आणि माझ्याकडे वळले.

"जरा मागं हून बघता का? सरळ हाय का सांगा. माझ्या नजरेवर माझाच भरवसा न्हाई आता."

मी मागे सरकून पाहिलं. फोटो अगदी सरळ होता.

"थोडा डावीकडे घ्या," मी म्हणालो, आणि ते पुन्हा बघायला लागले.