वंग मास्तरांची शिरगणती

माणसं एकेक करून मोजणं हे कोंबडीवाल्याचं काम, असं वंग मास्तरांचं ठाम मत होतं. चीनमधल्या शाओशिंगच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं, आणि आता शिकवायला कुणी उरलं नव्हतं, हे त्यांचं खरं दुखणं. म्हणून नवव्या महिन्याच्या नवमीच्या सणाला गल्लीतली म्हातारी मंडळी नेहमीप्रमाणे डोंगर चढायला निघाली, तेव्हा शिरगणती मास्तरांनी गाइड छिनच्या हातून काढूनच घेतली.

"पोरी, आधी तिघातिघांच्या रांगा कर, मग पाचापाचांच्या, मग सातासातांच्या. दर वेळी मागे किती उरले तेवढं बघायचं. आपले सेनापती असंच सैन्य मोजायचे म्हणतात."

रांगा झाल्या. मागे एक, दोन आणि तीन उरले. मास्तरांनी डोळे मिटले. "तिनांच्या एकाचे सत्तर. पाचांच्या दोघांचे, एकवीसप्रमाणे, बेचाळीस. सातांच्या तिघांचे, पंधराप्रमाणे, पंचेचाळीस. बेरजेतून एकशेपाच वजा. तू आणि मी सोडून बावन्न!"

छिनच्या हातातली तिकिटंही तेवढीच होती. टाळ्या पडल्या. मास्तरांची बायको आरोंग तेवढी म्हणाली, "झालं असेल तर बसू का? गुडघे बोंबलतायत."

दुपारी देवळाखाली, बसपाशी, पुन्हा रांगा. तिनांत एक उरला, पाचांत दोन उरले. सातांच्या रांगा लावता लावता निम्मे लोक खाली बसले, दोघांचं भांडण झालं, आणि शेवटी मागे दोनच उरले.

"सदतीस," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "पंधरा जण हरवले."

छिनने तिकिटं पुन्हा चाळली. नोकरीला लागून तिला महिनाही झाला नव्हता. "पण आजोबा, सगळे इथंच तर दिसतायत."

"डोळे फसतात पोरी. बाकी फसत नाही."

झालं! देवळाच्या भोंग्यावरून पंधरा वृद्ध बेपत्ता असल्याची घोषणा झाली. ती ऐकून रांगेतलेच दहाबारा जण शोधायला पांगले. एका मोमोवाल्याने कुठून तरी दोन आजोबा धरून आणले. "हे तुमचे का?" ते दुसऱ्याच सहलीचे निघाले, पण जेवण असेल तर थांबतो म्हणाले. छिन रडायच्या बेतात आली.

शेवटी ड्रायव्हर लूने बसचा हॉर्न दाबूनच धरला. "चला, आपापल्या जागेवर बसा. कोण नाही ते आपोआप कळेल."

सगळे परतले, बसले. एकच जागा रिकामी राहिली. मास्तरांच्या शेजारची.

मास्तर ताडकन उठले. आरोंग कुठे गेली? उतारावर पाय घसरला असेल का? ते दाराकडे धावले आणि पायरीवरच थबकले. एकटी आरोंग नाही, तर मग पंधरा कसे कमी भरले? सवय वाईट असते. काळजी एका बाजूला राहिली आणि डोकं बोटांवर चालू लागलं.

"अरे! तिनांच्या वेळी ती होती! पाचांच्याही वेळी होती! फक्त सातांच्या वेळी सटकली. आणि सातांतला एक म्हणजे हिशोबात पंधरा! किती सुंदर आहे बघा!"

"काय सुंदर आहे?" खालून आरोंगने विचारलं. तिच्या हातात सणाच्या गोड वड्यांची वाफाळती पुडी होती.

"काकू, कुठं होतात?" छिनने तिला मिठीच मारली. "तुम्ही एकट्या गेलात आणि मास्तरांना पंधरा माणसं कमी वाटली!"

आरोंग पायरीवर थांबली. मास्तरांकडे बघता बघता तिचे कान लाल झाले. "एवढ्या वर्षांच्या संसारात," ती हळूच म्हणाली, "इतकं चांगलं कधी बोलला नव्हतात हो." आणि तिने सगळ्यात मोठी वडी काढून त्यांच्यापुढे धरली.

इथे दुसरा कुणी असता तर त्याने वडी तोंडात टाकून गप्प बसणं पसंत केलं असतं. मास्तर आपले विचारात गढलेले.

"पण काय गंमत आहे बघ आरोंग," ते म्हणाले, "तू नुसती तिनांच्या वेळी गेली असतीस ना, तर एकशेपाच वजाच करावे लागले नसते, उलट पस्तीस जास्त भरले असते."

वडी ड्रायव्हरने खाल्ली.