गवताचा हिशेबनीस

"बाबा, उद्या चहाला तो चौकड्यांचा कोट घालायचा नाही," डोरीन म्हणाली. "आणि जरा हळू बोला."

बर्ट ग्रिमशॉने मान डोलावली. मुलीच्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी येणार म्हटल्यावर बाप कशालाही मान डोलावतो. पण तीस वर्षं रेसकोर्सवर खोक्यावर उभं राहून घोड्यांवरच्या पैजेचे भाव पुकारलेला माणूस हळू बोलणार कसा? बर्टने जेवताना मीठ मागितलं तर कधीकधी शेजारच्या घरातून यायचं.

गोष्ट १९५४ सालची, आमच्या यॉर्कशायरमधली. होणाऱ्या जावयाचे, म्हणजे कीथचे वडील एमोस हेपवर्थ मेथडिस्ट चॅपेलचे कारभारी. दारू, पत्ते आणि पैज ही तीन नावं त्यांच्या घरात कुणी उच्चारत नसे. मुलगी बुकीची आहे असं कळतं तर सोयरीक तिथल्या तिथे मोडली असती. म्हणून कीथने घरी बर्टच्या दारावरच्या पाटीवर लिहिलेलं तेवढंच सांगितलं होतं: 'टर्फ अकाउंटंट'.

यात खोटं काही नव्हतं. त्या काळी सगळेच बुकी पाटीवर हेच सभ्य नाव लिहीत. रेसवाल्यांच्या लेखी टर्फ म्हणजे घोड्यांची शर्यत. पण ज्याला त्या धंद्याचा गंध नाही, त्याच्या लेखी टर्फ म्हणजे गवत.

"गवताचे हिशेब ठेवता म्हणे तुम्ही?" एमोसनी चहाचा पहिला घोट घेऊन विचारलं.

बर्टच्या घशात केक अडकला. डोरीनने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"गवत... हो. गवताशिवाय आमचं पान हलत नाही," बर्ट म्हणाला.

"जमिनीची पारख असेलच?"

"टाच मारली की कळतं मला. नरम, कडक, वरून नरम पण तळाला कडक."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. आदल्या रात्रीचा पाऊस कुठल्या घोड्याला मानवेल हे ओळखता आलं नसतं तर बर्ट केव्हाच भिकेला लागला असता.

"देवानेच धाडलं हो तुम्हाला!" एमोस खुर्चीत पुढे सरकले. चॅपेलमागे त्यांची हिरवळ होती, लाकडी गोळे घरंगळवायच्या खेळासाठी राखलेली. तिच्या एका कोपऱ्यात गवत जळत चाललं होतं आणि तीन आठवड्यांवर शेजारगावच्या चॅपेलशी सामना आला होता. "शनिवारी येऊन एकदा बघाच."

नाही म्हणायची सोय नव्हती. शनिवारी बर्ट गेला, आणि एकट्याला धीर होईना म्हणून रेग टॅलबटला घेऊन गेला. रेग म्हणजे रेसकोर्सवरचा सर्वांत जुना जुगारी. घोड्यांपायी दोन घरं आणि एक बायको घालवून बसला होता, पण टोपी अजून रेशमी होती. घोडा पाण्याला तोंड कसं लावतो एवढ्यावरून तो निकाल सांगायचा. निकाल चुकायचा, पण निरीक्षण अचूक असायचं.

रेगने गुडघे टेकून मातीचा वास घेतला. "राखाडी घोडीला आवडेल ही जमीन," तो म्हणाला.

"घोडी?" एमोसनी विचारलं.

"रोलर ओढायला," बर्टने घाईने सांगितलं.

"आणि बर्ट, लेका, हे आपोआप जळलेलं नाही," रेग म्हणाला. "चहाचा तंबू इथेच लागतो ना? बाया उरलेलं उकळतं पाणी इथेच ओततात. ही बघ चहाची पत्ती."

एमोस थक्क झाले. चॅपेलच्या समितीने वर्षभर डोकी खाजवून तीन प्रकारची खतं घातली होती. पाणी ओतणं बंद झालं आणि सामन्यापर्यंत कोपरा हिरवागार झाला. मग काय, बर्ट हेपवर्थांच्या घरचा झाला. दर रविवारी जेवण. एमोस भेटेल त्याला सांगत सुटले, "व्याही असावा तर असा! गवताच्या काडीन् काडीचा हिशेब आहे त्याच्याकडे." डोरीन आणि कीथने ऑगस्टमधली तारीखही धरली. बर्टला मात्र प्रत्येक जेवण पचायला जड जाऊ लागलं.

सामन्याच्या दिवशी अख्खा गाव लोटला. खेळाडू ओळीने उभे राहिले, सगळ्यांत पुढे चॅपेलचा हुकमी खेळाडू क्लेग. एमोसनी आभार मानता मानता जाहीर करून टाकलं, "आता ग्रिमशॉसाहेब दोन शब्द बोलतील." आणि बर्ट लोकांना दिसावा म्हणून त्याच्यापुढे एक लाकडी खोकं ठेवलं.

बर्ट खोक्यावर चढला. 'सभ्य स्त्रीपुरुषहो' एवढं त्याने पाठ केलं होतं. पण पायाखाली खोकं, समोर गर्दी, आणि धावायला सज्ज असल्यासारखी ती ओळ. तीस वर्षांची सवय आतून उसळली.

"बोला, बोला! क्लेग एकाला दोन! बाकी कुणीही एकाला तीन!"

दोन मळे ओलांडून आवाज गेला. मग इतकं शांत झालं की चहाच्या किटलीची वाफ ऐकू येत होती. डोरीनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

बर्ट सावकाश खाली उतरला. "हेपवर्थसाहेब, मी बुकी आहे," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो हळू बोलला. "गवतातलं मला ओ की ठो कळत नाही. शिक्षा मला द्या, पोरीला नको. ती सोन्यासारखी आहे."

एमोसचा चेहरा बिटासारखा झाला. तेवढ्यात चहाच्या टेबलामागून त्यांच्या पत्नी, एडिथबाई, हात पुसत आल्या.

"क्लेगला एकाला दोन?" त्या बर्टवर कडाडल्या. "लाज नाही वाटत? गुडघा गेलाय त्याचा, गोळा शेवटी वळतच नाही. तो कसला जिंकतोय? चार तरी द्या!"

"एडिथ!" एमोस ओरडले.

"अकरा वर्षं इथे चहा ओततेय, डोळे मिटून नाही ओतत मी. आणि हे बुकी आहेत ते दूधवाल्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. हेही सांगितलं की हे दिलेला शब्द कधी फिरवत नाहीत. म्हणून गप्प बसले."

एमोस बायकोकडे बघत राहिले. मग डोरीनकडे. तिच्या शेजारी कीथ उभा होता आणि त्याने तिचा हात धरला होता. रेगला मात्र जन्माची खोड आवरली नाही.

"बर्ट," तो पुटपुटला, "ऑगस्टमधल्या लग्नाला काय भाव?"

भाव बर्टच्या अगदी ओठांवर आला होता. त्याने तो दातांखाली दाबून धरला.

एमोसनी खाकरून घसा साफ केला.

"त्यावर भाव घ्यायचा नाही," ते म्हणाले. "ठरलेल्या गोष्टीवर पैज घेणं ही शुद्ध लबाडी. एवढं मलाही कळतं."